आणखी शंभर फूट: कोरड्या बोअरपुढे थांबता न येण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जालना जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाचे आहे. ओळख पटेल असे तपशील, म्हणजे गाव, आडनाव आणि रानाची नेमकी जागा, मुद्दाम गाळले आहेत. कुटुंब एकत्र आहे: आबा, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना आणि नातवंडे. शेतीचा व्यवहार थोरला मुलगा पाहतो. धाकटा तालुक्याच्या ठिकाणी दुकानात नोकरी करतो आणि पगारातून उरेल ते शेतीत घालतो. घरात मोसंबीची सुमारे तीनशे झाडे होती, आठव्या वर्षात आलेली, म्हणजे लावणीपासूनचा खर्च आता कुठे फिटू लागला होता. बागेला पाणी पन्नास फुटांच्या जुन्या विहिरीचे होते आणि साध्या वर्षात ते मार्चअखेरपर्यंत कसेबसे पुरत असे.

२०१८ चा पावसाळा हातचा गेला. राज्य सरकारने ऑक्टोबरअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा या शिवारातील विहिरी उपशावर आल्या होत्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा कशा वाळल्या, हे आबांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि त्यांची स्वतःची जुनी बागही त्याच वर्षी गेली होती. या कुटुंबाचे पुढचे वागणे समजून घ्यायचे, तर ही जुनी जखम लक्षात ठेवावी लागते. पाण्याच्या ताळेबंदाचे काम करणाऱ्या एका गटाबरोबर मी त्या काळात या गावात जात होतो. येथे मांडलेला घटनाक्रम काही पाहिलेला, काही घरच्यांनी सांगितलेला आहे.

समस्या

वरवर पाहता समस्या पाण्याची होती. जानेवारीत विहीर तळाला गेली आणि बाग जगवायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. परंतु मार्चपर्यंत त्या प्रश्नाला दुसरा प्रश्न येऊन चिकटला होता, आणि तो पाण्याचा नव्हता. दोन बोअर कोरडे गेले होते, सव्वा लाखाच्या आसपास रक्कम मातीत गेली होती, थोरल्या सूनबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या, आणि तरीही घरातील कर्ते पुरुष तिसऱ्या बोअरसाठी गाडी ठरवण्याच्या तयारीत होते. गेलेले पैसे हेच पुढचे पैसे घालण्याचे कारण झाले होते. थोरल्याच्या शब्दांत सांगायचे तर, "एवढे घातले, आता सोडायचे कसे?"

अर्थशास्त्रात याला बुडीत खर्चाची चूक म्हणतात. जो पैसा काहीही केले तरी परत येणार नाही, त्याने पुढच्या निर्णयात बोलू नये, हा साधा हिशोब आहे. मेंदू मात्र तो पाळत नाही. हाल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत मिळाली होती. नाटके तीच, खुर्च्या त्याच. तरी पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक हंगामाच्या पूर्वार्धात अधिक प्रयोगांना गेले. नाटक पाहावे की नाही, हे त्या संध्याकाळच्या इच्छेपेक्षा आधी मोजलेल्या पैशांनी ठरवले. आपल्याकडे ताटात वाढलेले टाकू नये म्हणून पोट भरल्यावरही शेवटची पोळी संपवणारा माणूस हेच करत असतो. टाकू नये हा संस्कार चांगलाच आहे, पण जे आधीच वाया गेले आहे ते पोटात ढकलल्याने वाचत नाही.

पहिले दोन बोअर

पहिल्या बोअरची जागा पाणाड्याने दाखवली. तळहातावर नारळ घेऊन तो रानात फिरला आणि विहिरीपासून काही अंतरावर, बांधालगत, नारळ उभा राहिला. पाणाड्याचा हात मुद्दाम लबाडी करतो, असे मानण्याचे कारण नाही. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात आणि हलवणाऱ्याला ती बाहेरची शक्ती वाटते, हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच मांडले होते. जर्मनीत म्युनिकजवळच्या एका कोठारात १९८७-८८ मध्ये पाणाड्यांची मोठी चाचणी झाली. सुमारे पाचशे जणांतून निवडलेल्या ४३ जणांनी वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावरील पाण्याच्या नळीची जागा सांगायची होती. चाचणी घेणाऱ्यांना त्यातील काहींच्या अंगी खरे कसब दिसले. पुढे जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा ते यश योगायोगाच्या पलीकडचे ठरले नाही. तथापि, या प्रकरणात पाणाड्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. त्याने सुचवलेल्या तीन जागांपैकी कोणती घ्यायची, हे थोरल्याने स्वतः ठरवले, आणि त्या क्षणापासून तो बोअर त्याचा झाला.

गाडी रात्री आली. या भागात येणाऱ्या बोअरच्या गाड्या पुष्कळदा तमिळनाडूतील तिरुचेंगोडे येथून आलेल्या असतात. हंगामात त्या एका रानातून दुसऱ्या रानात जात राहतात आणि ज्याचा नंबर लागेल त्याने तयार असावे लागते. व्यवहार स्थानिक एजंट ठरवतो. दर फुटावर असतो: पहिल्या तीनशे फुटांना एक दर, आणि पुढे प्रत्येक शंभर फुटांना चढता. तीनशे फुटांचे ठरले होते. दोनशेच्या थोडे पुढे भुकटी ओलसर झाली, म्हणजे ओल लागली. पुढे पुन्हा कोरडा काळा पाषाण लागला. तीनशेला हातोडा थांबला आणि एजंटाने नेहमीचा प्रश्न विचारला: "आणखी शंभर मारू का?"

या प्रकरणात पैसा जेथे गेला, ते दार म्हणजे हा प्रश्न होय. त्याची ठेवण पाहावी. लाख रुपयांचे काय करायचे, असे कोणी विचारत नाही. केवळ पुढच्या तुकड्याचे विचारले जाते, आणि पुढचा तुकडा झालेल्या खर्चाच्या मानाने नेहमीच लहान दिसतो. तीनशे फुटांचे पैसे गेलेच आहेत, शंभराने काय होते? चारशेला तोच प्रश्न आला, आणि तेव्हा मागे चारशे होते. खर्च जसजसा वाढतो तसतसा पुढचा टप्पा मनाला स्वस्त वाटत जातो, वास्तविक दर मात्र चढत असतो. पहिला बोअर साडेचारशे फुटांवर थांबला, कारण खिशातली रोख संपली. निर्णय म्हणून तो थांबलाच नाही.

दुसरा बोअर फेब्रुवारीत, रानाच्या दुसऱ्या टोकाला. या वेळी मर्यादा चारशेची ठरली होती, पण ती तोंडी होती आणि फक्त दोन भावांना माहीत होती. पावणेचारशेच्या सुमारास अर्धा इंच धारेचे पाणी आले. गावातून आलेल्या बघ्यांपैकी कोणीतरी नारळ फोडला. अर्ध्या तासात पाणी आटले. येथून पुढे सातशे फुटांपर्यंतचा प्रवास त्या अर्ध्या इंचाने घडवला.

थोडक्यात हुकलेला नेम मेंदूला कसा चेतवतो, याचा अभ्यास केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जुगाराच्या यंत्राचा साधा खेळ खेळणाऱ्यांचे मेंदू त्यांनी एमआरआय यंत्रात पाहिले. चित्र जुळता जुळता राहिले, तर खेळणाऱ्याला पूर्ण हरण्यापेक्षा अधिक वाईट वाटत असे, आणि तरीही मेंदूचे जे भाग जिंकल्यावर जागे होतात, तेच अशा हुकण्यानेही जागे होत. विशेष म्हणजे पुन्हा खेळण्याची ओढ तेव्हाच वाढे, जेव्हा चित्र खेळणाऱ्याने स्वतः निवडलेले असे. यंत्राने निवडलेल्या चित्राबाबत तसे घडत नसे. थोरल्याने जागा स्वतः निवडली होती. अर्धा इंच पाणी हे त्याच्या दृष्टीने निवड योग्य असल्याची खूण होती, आणि खोली तेवढी कमी पडली, असे त्याला मनापासून वाटले.

नेमबाजीत थोडक्यात हुकणे ही माहिती असते. नेम सुधारत आहे, असे त्यातून कळते. खडकात तसे नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्या, म्हणजे छिद्राळ, खडकाच्या पोकळ्यांत आणि भेगा-सांध्यांत. सामान्यतः खोल जावे तशा भेगा मिटत जातात. अपवाद असतात, आणि त्या अपवादांच्याच कथा गावोगाव सांगितल्या जातात. पावणेचारशे फुटांवर लागलेले आणि अर्ध्या तासात संपलेले पाणी म्हणजे एक लहान, कोंडलेली भेग रिकामी झाली, इतकेच. त्यावरून पाचशे फुटांवर काही आहे, असा निष्कर्ष निघत नाही. किंबहुना प्रत्येक कोरड्या शंभर फुटांनी आशा कमी व्हायला हवी होती. मनात नेमके उलटे घडत होते: इतके कोरडे गेले, आता लागायलाच हवे. मोंटे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी रूलेटच्या चाकावर चेंडू सलग २६ वेळा काळ्या रंगावर पडला आणि आता तरी लाल येणारच, म्हणून लोक लालवर पैसे लावत राहिले, ती हीच भावना.

कायद्याची बाजूही नोंदवली पाहिजे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून, अधिक खोल विहिरीला खोल विहीर मानले असून तिच्यावर निर्बंध आहेत. सातशे फुटांचा बोअर त्या मर्यादेच्या तिपटीहून खोल होता. त्या रात्री रानात उभ्या असलेल्या कोणाच्याही तोंडी हा विषय आला नाही, आणि शिवारातील इतर बोअर पाहता तो येण्याचे कारणही नव्हते.

तोट्यात असलेला माणूस धाडस का करतो

मार्चमध्ये घरातील बोलणे ऐकताना एक गोष्ट ठळक होती. थोरले एरवी अत्यंत सावध गृहस्थ. खताची गोणीसुद्धा दोन दुकानांत भाव विचारून घेणारे. अशा माणसाने कर्ज काढून तिसऱ्यांदा नशीब आजमावावे, हे त्यांच्या स्वभावाशी जुळत नव्हते. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या प्रसिद्ध लेखात याचे उत्तर सापडते. त्यांनी लोकांपुढे दोन पर्याय ठेवले: ३,००० रकमेचा निश्चित तोटा, किंवा ४,००० गमावण्याची ८० टक्के शक्यता आणि काहीच न गमावण्याची २० टक्के शक्यता. सरासरी काढली तर दुसरा पर्याय महाग आहे, कारण तो ३,२०० ला पडतो. तरी ९२ टक्के लोकांनी तोच घेतला. नफ्याच्या बाबतीत जपून राहणारी माणसे निश्चित तोटा पत्करण्याची वेळ आली की जुगारी होतात. थोरल्यांच्या मनात थांबणे म्हणजे सव्वा लाखाचा तोटा पक्का करणे होते. पुढे जाण्यात तो पुसला जाण्याची एक फट होती, कितीही बारीक असो.

दुसरे कारण जबाबदारीचे. बॅरी स्टॉ यांनी १९७६ मध्ये व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीचा पैसा दोन टप्प्यांत वाटायला दिला. पहिला निर्णय स्वतः घेतलेल्यांनी, तो फसल्याचे कळल्यावर, त्याच विभागात अधिक पैसा ओतला. ज्यांच्या वतीने पहिला निर्णय दुसऱ्याने घेतला होता, त्यांनी तेवढा ओतला नाही. या कुटुंबात हा फरक दोन भावांमध्ये दिसत होता. धाकट्याचेही पैसे बुडाले होते, पण जागा त्याने निवडली नव्हती आणि गाडीपाशी "मारा" असे तो म्हणाला नव्हता. थांबावे, असे त्याला फेब्रुवारीतच वाटू लागले होते. तो बोलला नाही, कारण दादांच्या शब्दापुढे बोलण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

समोर असलेले पर्याय

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घरात बैठक झाली. आबा, दोघे भाऊ, दोघी सुना, थोरल्या सूनबाईंचे भाऊ (पुढे त्यांना मामा म्हटले आहे) आणि आमच्या गटातील दोघे होते. तिसरा बोअर, टँकर, निम्मी बाग तोडणे आणि विहिरीत आडवे बोअर, असे चार पर्याय चर्चेत आले. पाचवा, म्हणजे सगळी बाग सोडून देणे, आबांनी ऐकूनही घेतला नाही.

तिसऱ्या बोअरचा हिशोब प्रथमच पूर्ण मांडला गेला, आणि तेव्हा एक विसरलेली बाब वर आली. पाणी लागले असते तरी मोटार, पाइप आणि केबल यांचा खर्च वेगळा होता. दोन्ही वेळा तो कोणी धरला नव्हता, कारण पाणी लागल्यावर सगळे आपोआप होईल, असे गृहीत होते. टँकर सगळ्या बागेला जूनअखेरपर्यंत घालायचा तर लाखाच्या पुढे जात होते. निम्मी झाडे तोडून उरलेल्या दीडशे झाडांना चौथ्या दिवशी एक दहा हजार लिटरचा टँकर, झाडांची जोरदार छाटणी, सोयाबीनच्या काडाचे आच्छादन आणि केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी, असे केले तर खर्च पन्नास हजारांच्या घरात बसत होता. बहार मिळणार नव्हता, झाडे तेवढी जगणार होती. आडव्या बोअरचा उपयोग पावसाळ्यानंतर होता; या उन्हाळ्याला त्याचा आधार नव्हता.

आकडे मांडूनही थोरल्यांचे मन बोअरकडेच होते. आमच्यापैकी एकाने पाटीवर शक्यता लिहून दाखवण्याचा प्रयत्न केला, त्याचा काहीही परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो थोरल्या सूनबाईंच्या बोलण्याचा. त्या चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "हे दोन्ही बोअर आपल्या शेजारच्यांचे असते आणि ते तिसऱ्यासाठी उसने मागायला आले असते, तर तुम्ही दिले असते का?" थोरले काही वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "नसते दिले."

मला या प्रश्नाचे महत्त्व पाटीवरच्या गणितापेक्षा अधिक वाटते. त्याने गेलेला पैसा दुसऱ्याच्या नावावर टाकला, त्यामुळे तो परत मिळवण्याची ओढ क्षणभर सुटली आणि पुढच्या रकमेकडे स्वतंत्रपणे पाहता आले. पाटलीचा विषय त्यांनी काढला नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तो काढला असता तर उत्तर बचावाचे आले असते.

दुसरा उपाय हिशोबाचा होता. शिवारात बोअर किती आणि त्यांपैकी चालू किती, असे विचारल्यावर सगळ्यांना प्रथम आठवले ते धो-धो चालणारे दोन बोअर. मग बसून जमिनीचा एकेक गट घेऊन उजळणी केली. त्या उन्हाळ्यात चालू असलेले बोअर एका हाताच्या बोटांवर मोजून झाले, आणि निकामी मोजायला दोन्ही हात पुरले नाहीत. चालू बोअरपाशी मोटारीचा आवाज असतो, हिरवे रान असते, त्याची गोष्ट होते. फसलेला बोअर दगड किंवा पोत्याने झाकला की विस्मरणात जातो. (तो नीट बुजवलेला नसतो, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. उघड्या बोअरमध्ये मुले पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्याबाबत निर्देश दिले आहेत.) आठवणीत राहिलेल्या दोन यशांवरून शक्यता ठरवणे आणि सगळी यादी करून ठरवणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर निघाले.

केलेली कृती

अंतिम निर्णय तडजोडीचा होता. तिसरा बोअर पूर्णपणे नाकारणे थोरल्यांना आणि आबांनाही जमले नाही. नाल्याच्या बाजूला, जेथे मुरमाचा थर जाड आहे असे भूजलाची माहिती असलेल्या जाणकाराने सांगितले, तेथे एक बोअर दोनशे फुटांपर्यंतच घ्यायचा असे ठरले. त्यासोबत काही अटी लिहून काढल्या. दोनशे फुटांचे पैसे मामांकडे राहतील, त्याहून अधिक रक्कम त्या दिवशी घरात ठेवायची नाही. गाडी रात्री आली तर परत पाठवायची, काम दिवसाच होईल. दोनशेवर ओल लागली, चिखल आला, अर्धा इंच पाणी आले, तरीही थांबायचे. शेवटची अट मुद्दाम इतकी स्पष्ट लिहिली होती, कारण मर्यादा मोडण्याचा क्षण नेमका तोच असणार, हे दुसऱ्या बोअरने दाखवले होते.

त्याच आठवड्यात बागेची निवड झाली. डिंक्या रोग लागलेली, शेंडे वाळलेली आणि वरच्या हलक्या जमिनीतील झाडे तोडायची ठरली. आबा त्या दिवशी रानात गेले नाहीत. उरलेल्या झाडांची छाटणी करून कापांवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली, काड अंथरले आणि टँकरचा फेरा सुरू झाला.

बोअरच्या दिवशी, दोनशे फुटांवर, भुकटी लालसर आली. लाल माती लागली की पाणी जवळ आले, असा त्या भागात समज आहे. एजंट म्हणाला, "काका, हातची गाडी सोडू नका, पुन्हा पंधरा दिवस यायची नाही." थोरल्यांनी मामांना फोन लावला. मामांनी कागदावर लिहिलेले वाचून दाखवले आणि फोन ठेवला. गाडी गेली. एजंटाबद्दल राग धरण्यात अर्थ नाही. त्याचे उत्पन्न फुटावर आहे, आणि ज्याचे उत्पन्न फुटावर आहे त्याच्याकडून खोलीचा सल्ला घेणे हीच मुळात चुकीची व्यवस्था आहे.

निष्पत्ती

तोडलेली झाडे गेली. राखलेल्या दीडशेंपैकी बहुतेक जून पार करून गेली. काही मे महिन्याच्या झळांत वाळली. २०१९ चा पाऊसही लांबला, त्यामुळे टँकर ठरल्यापेक्षा जास्त दिवस चालवावा लागला आणि खर्च अंदाजाच्या पुढे गेला. पुढे परतीच्या पावसाने विहीर भरली, नंतर आडवे बोअर घेतल्यावर तिचे पाणी अधिक टिकू लागले. पाटल्या सोडवायला दोन वर्षे लागली.

येथे प्रकरण सुटसुटीत संपत नाही. मे महिन्यात दोन रानांपलीकडे एका शेतकऱ्याने बोअर घेतला आणि त्याला साडेतीनशे फुटांच्या आसपास दीड इंच पाणी लागले. ते पावसापर्यंत टिकले. बातमी घरात आली तेव्हा थोरल्यांनी अटींचा कागद फाडून टाकला. आपण दोनशेवर थांबलो नसतो तर सगळी बाग वाचली असती, असे त्यांचे आजही म्हणणे आहे, आणि ते खोडून काढता येत नाही, कारण तेथे खाली काय होते हे कोणालाच माहीत नाही.

परंतु निर्णय चांगला की वाईट हे ज्या वेळी तो घेतला त्या वेळच्या माहितीवर ठरते. नंतर शेजाऱ्याला काय मिळाले यावर नाही. मेंदूला हा फरक करणे फार जड जाते. निकाल कळला की आधीची अनिश्चितता आठवतच नाही. "मला तेव्हाच वाटले होते" ही भावना खरी आठवण असल्यासारखी उभी राहते. मार्चच्या बैठकीत साडेतीनशे फुटांचा उल्लेख कोणी केला नव्हता. त्याच मे महिन्यात शिवारात आणखीही बोअर झाले आणि कोरडे गेले. ते घरातील वादात कधी येत नाहीत.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा बदल पहिल्या बोअरआधी हवा होता. मर्यादा तिसऱ्या वेळी लिहिली गेली, तेव्हा तिच्यामागे सव्वा लाखाचा धडा होता. हीच मर्यादा जानेवारीत, पैसा जाण्याआधी, ठरली असती तर ती पाळणे सोपेही गेले असते, कारण तेव्हा भरून काढायला काही नव्हते. फुटांची मर्यादा पुरेशी नाही, एकूण रकमेचीही हवी. दोन बोअर मिळून अमुक रक्कम, त्यानंतर बागेचा विचार टँकर आणि तोडणी यांच्या भाषेत, असे आधी ठरले असते तर निम्मी बाग तोडण्याचा निर्णय फेब्रुवारीत झाला असता आणि विहिरीच्या तळाचे थोडे पाणी त्या निम्म्या बागेला मिळाले असते. उशिरामुळे झालेले हे नुकसान बोअरच्या खर्चात कोणी धरत नाही.

मर्यादा पाळणारा माणूस गाडीपाशी नसावा, ही व्यवस्था उपयोगी पडली, आणि मला वाटते ती या प्रकरणातील सर्वांत कामाची गोष्ट होती. कंप्रेसरचा आवाज, जागरण, बघ्यांची गर्दी, उडणारी भुकटी आणि विचारणारा एजंट, या सगळ्यात शांत हिशोब करण्याची अपेक्षा कोणाकडूनच करू नये. आपल्याला या चुकीची माहिती आहे म्हणून ती होणार नाही, हा भरवसाही खोटा आहे. थोरल्यांना मार्चपर्यंत सगळे समजावून झाले होते, तरी दोनशे फुटांवर त्यांनी फोन लावलाच. त्यांना थांबवले ते दुसऱ्याच्या हातातील पैशाने.

घरातील शंकेला जागा मिळाली नाही, हा दोष रचनेचा आहे. धाकट्याला फेब्रुवारीत जे वाटत होते ते मार्चमध्ये बाहेर आले, आणि तेही वहिनींनी वाट करून दिल्यावर. दादांना विरोध करा, असे धाकट्या भावाला सांगून हे साधत नाही. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली रीत येथे चालली असती: काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी असे धरायचे की हे फसले आहे, आणि का फसले याची कारणे प्रत्येकाने सांगायची. अशा वेळी शंका काढणे हाच नेमून दिलेला भाग असतो, त्यामुळे त्यात कोणाचा अवमान होत नाही.

एक बाब मात्र बुडीत खर्चाच्या नावाखाली झटकून टाकू नये. बागेत घातलेली आठ वर्षे परत येणार नव्हती, हे खरे. पण आठ वर्षांचे झाड पुढची कित्येक वर्षे फळ देणार होते, आणि ते पुढचे उत्पन्न हिशोबात धरणे योग्यच होते. आबांचा हट्ट या दोन्हींचे मिश्रण होता. त्याला निव्वळ भावनेचा म्हणून बाजूला सारणारे सल्लागार मी पाहिले आहेत, आणि शेतकरी त्यांचे ऐकत नाहीत तेही रास्तच आहे. बैठकीत प्रत्येक झाडाकडे पुढच्या वर्षांच्या दृष्टीने पाहिले गेले, म्हणून तर डिंक्या लागलेली झाडे प्रथम तोडायला आबा राजी झाले.

नाल्याकाठचा दोनशे फुटांचा बोअर झाकण घट्ट बसवून बंद केलेला आहे. तेथूनच पुढे मारायचे का, हा विषय उन्हाळा आला की निघतो. मामांकडे पैसे ठेवण्याची अट दोन्ही भावांनी अजून मोडलेली नाही, आणि नव्याने मारायचे ठरलेच तर आधी शिवारातील सगळ्या बोअरची यादी पुन्हा करायची, एवढ्यावर त्यांचे एकमत आहे.